अक्कांच्या स्वर्गात मी नव्हते

त्या वर्षी मद्रासमध्ये वीज फार जात असे. शहराचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण माझ्या तोंडी ते मद्रासच राहिलं. रविवारी जेवणं आटोपली की डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबायचा, आणि आम्ही खुर्च्या उचलून मैलापूरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत येऊन बसायचो. वारा तिथंही नसायचा, पण निदान रस्ता दिसायचा.

त्या रविवारी आम्ही चौघं होतो. मी, माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण अक्का, वेलचेरीहून दर रविवारी जेवायला येणारा माझा मुलगा हरिप्रसाद, आणि त्याची मुलगी हरिणी. हरिणीचं कॉलेज आमच्या घरापासून जवळ, म्हणून ती आमच्याकडेच राहायची. तिच्या मोबाइलची बॅटरी संपली होती, त्यामुळे तिला आमची आठवण झाली.

"एक गेम खेळू या," ती म्हणाली. "प्रत्येकानं आपला स्वर्ग सांगायचा. पुराणातला नको. स्वतःचा. तुम्हाला पाहिजे तसा."

"पावसाळ्यात वेलचेरीत पाणी साचत नाही," हरिप्रसाद म्हणाला. "झाला माझा स्वर्ग."

"अप्पा, एवढं बोअर कोणी असतं का? आजी, तू सांग."

मला विचार करावा लागला नाही. लग्न होऊन मी तंजावरच्या घरी आले तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढून कधी हललंच नाही. मी सांगितलं, की पहाट झाली आहे. आम्ही दोघी नणंद-भावजय विहिरीवर आंघोळ करून, काठीवर वाळत घातलेली सोवळ्याची लुगडी नेसून आत आलो आहोत. चूल धूर न करता पेटली आहे. अक्का चुलीपाशी, मी पाट्याशी. पितळेच्या पातेल्यात आमटीला बारीक उकळी येते आहे. बाहेर केळीची पानं मांडली आहेत आणि पानांवर सगळे बसले आहेत. मामंजी अप्पाजी, सासूबाई, हे. कोणी मेलेलं नाही. आम्ही वाढतो आहोत आणि ते जेवत आहेत, आणि अन्न संपत नाही.

"स्वर्गातसुद्धा तूच वाढायचं?" हरिणीनं विचारलं.

"मग कोण वाढणार? मी आणि अक्का."

हे म्हणताना मी अक्कांकडे बघून हसले. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, त्यांनाही तेच दिसत असेल.

"अक्काआजी, आता तुमचा."

"आत्याला काय विचारतेस?" हरिप्रसाद म्हणाला. त्यानं मला डोळ्यांनी खुणावलं. कार्तिकात अक्कांना काशीला न्यायचं त्यानं ठरवलं होतं, तिकिटंही काढली होती, आणि हे अजून अक्कांना सांगायचं होतं. "तिचा स्वर्ग ठरलेला आहे. गंगा, तुळशी, विश्वेश्वर."

अक्कांनी डोळे उघडले.

"हॉटेल," त्या म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. अक्कांना तेव्हा पंचाऐंशीवं लागलं होतं.

"हॉटेल गे, हॉटेल. वर पंखा आहे. दगडी टेबल आहे, खुर्चीला पाठ आहे. मी एकटी बसले आहे. एक माणूस येतो, फडक्यानं टेबल पुसतो आणि विचारतो, काय आणू? मी सांगते. तो आणतो. कोणी रांधलंय मला ठाऊक नाही. त्याची जात ठाऊक नाही, त्यानं आंघोळ केली का ठाऊक नाही. कांद्याचा रवा दोसा. कांद्याचं सांबार. मी खाते. पुरे झालं की टाकते."

"टाकता?" मी म्हटलं.

"टाकणार तर! स्वर्ग आहे ना? तिथंही चाटूनपुसून खायचं का? आणि मग मी उठते. पान उचलत नाही, जेवल्या जागेला शेण लावत नाही, काही नाही. हात धुते आणि चालू लागते."

हरिणी टाळ्या पिटत होती. हरिप्रसादचं तोंड उघडंच राहिलं होतं. आणि मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आणि अक्का, मी कुठं आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वेड्यासारखं विचारलं.

"तू? तू घरी."

अक्का कोण हे सांगितल्याशिवाय हा धक्का कुणाला कळायचा नाही. त्यांचं नाव सकवारबाई. आठव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. कायद्यानं तेव्हा लहान मुलींच्या लग्नाला बंदी आली होती, म्हणून दोन्हीकडची माणसं फ्रेंचांच्या पुदुच्चेरीला गेली आणि तिथं लग्न लावून आली. तीन वर्षांत तो नवरामुलगा तापानं गेला. अक्कांना त्याचा चेहराही आठवत नसे. त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्याच. अप्पाजींनी त्यांचे केस काढू दिले नाहीत. सगळे नातलग विरुद्ध गेले तरी दिले नाहीत, आणि आमच्या घराला या गोष्टीचा फार अभिमान होता. मीही तो कितीजणींना सांगितला असेल. आमच्या अक्कांना आम्ही कधी विधवेसारखं वागवलं नाही, स्वयंपाकघर त्यांचं, किल्ल्या त्यांच्या, त्यांच्या शब्दाशिवाय भाजी चिरली जात नाही. एकवेळचं जेवण, परक्याच्या हातचं पाणीसुद्धा नाही, कांदा-लसूण तर घरातच नाही. पण हे मीही पाळत आले होते. सासूबाई गेल्या, तंजावर सुटलं, यजमान गेले, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या सोवळ्यात एकत्र राहिलो. मला वाटायचं, हेच आमचं सुख.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नेहमीसारख्या विळीवर भेंडी चिरत होत्या. मी तांदूळ धुता धुता विचारलं.

"अक्का, मी तुम्हाला कधी उपाशी ठेवलं?"

"छे गे. फार खायला घातलंस."

"कधी शिळं वाढलं?"

"कधीच नाही."

"मग?"

"मग काय? पोरीनं स्वर्ग विचारला म्हणून सांगितला. तुझ्यावर फिर्याद नाही केली."

"कांदा तुम्ही कधी जिभेला लावला नाही. कसा लागतो ते तरी ठाऊक आहे?"

"वास ठाऊक आहे. तंजावरला मागच्या बाजूला मुदलियारांची चूल होती. संध्याकाळी ती माणसं कांदा परतायची, आणि मी आपली खिडकीत बसून जपमाळ ओढायची. कधी कधी माळ संपायची आणि मला कळायचं नाही. सगळा जन्म मी तो वास खाल्ला. इथं मद्रासला आल्यावर तर प्रत्येक जिन्यात कांदा."

त्या भेंडीचं देठ काढत राहिल्या. माझ्या हातातून पातेलं निसटलं आणि तांदूळ मोरीत गेले. वाया गेलेल्या तांदळांवरून अक्का मला बोलतील असं वाटलं. त्यांनी पुढची भेंडी उचलली.

हरिप्रसादनं त्याच आठवड्यात काशीचं सांगून टाकलं. फोनवर मोठ्यानं, म्हणजे अक्कांना ऐकू यावं.

"काशी?" अक्का म्हणाल्या. "तिथं जाऊन काय करू? तिथं माणसं मरायला जातात. मी इथंच मरीन, कशाला आगगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. त्यापेक्षा मला त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात ने."

"आत्या, थट्टा पुरे."

"थट्टा कोण करतंय?"

हरिप्रसाद बँकेत मोठ्या जागेवर आहे, पण कपाळावर गोपीचंदन लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तो संध्याकाळी धावत आला. अक्का देवापुढं बसल्या असताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "अम्मा, पंधरा दिवसांवर अप्पाचं श्राद्ध आहे. आत्यानं बाहेरचं खाल्लं तर तिला स्वयंपाकाला हात लावता येईल का? मी भटजींना काय सांगू? आत्या आणि तू मिळून श्राद्धाचा स्वयंपाक करता, सगळ्या नात्यात असा होत नाही. श्राद्ध होऊ दे. नंतर बघू."

"नंतर नेशील?"

"नंतर तिच्या डोक्यातूनच जाईल."

तो म्हणत होता ते बरोबरच होतं, आणि मलाही तेच हवं होतं. यजमानांच्या श्राद्धाच्या पहाटे अक्का आणि मी चुलीपुढं उभ्या राहणार, न बोलता एकमेकींच्या हाताला हात लावणार. गॅसच्या शेगडीवर का होईना, तो माझा स्वर्गच होता. वर्षातून एकदा येणारा. आणि अक्कांचा स्वर्ग तो पुसून टाकणार होता. दोन्ही एकाच घरात मावत नव्हते.

पण त्या रात्रीपासून मला अक्कांच्या तोंडाकडे बघवेना. त्या जेवायला बसत, मी वाढत असे, त्या खाली मान घालून सगळं संपवत. पूर्वी ते बघून माझं पोट भरायचं. आता मला दिसायचं, की हिला कधी कोणी विचारलंच नाही, आणि न विचारणाऱ्यांत मीच सगळ्यांत जवळची. आणखी एक भीती होती. डॉक्टरांनी अक्कांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं ते मला आणि हरिप्रसादला ठाऊक होतं. नंतर बघू, असं म्हणायला त्यांच्याजवळ नंतर किती होतं?

मंगळवारी हरिणी कॉलेजला गेल्यावर मी अक्कांना म्हटलं, "चला."

"कुठं?"

"स्वर्गात."

त्या हसल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या, आणि माझ्यासाठी दसऱ्याला घेतलेली निळी साडी मागितली. मी हादरले. अक्कांनी तांबडं किंवा पांढरं सोडून दुसरं काही नेसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. निळी साडी त्यांना मोठी झाली. मी निऱ्या घालून दिल्या. त्या अगदी शांत उभ्या होत्या, फोटो काढताना उभं राहतात तशा.

हॉटेल दक्षिण माडवीधीच्या, देवळाजवळच्या त्या रस्त्याच्या, कोपऱ्यावर होतं. देवळाच्या तळ्याला वळसा घालून आम्ही गेलो. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी डोक्यावर पदर घेतला होता. अक्कांनी घेतला नव्हता. आत शिरताच कांद्याचा, तुपाचा, फिनेलचा असा एकत्र वास अंगावर आला. गर्दी होती. मी एक टेबल धरलं आणि अक्कांना बसवून समोरची खुर्ची ओढली.

"तू तिकडे बस," अक्का म्हणाल्या.

"कुठं?"

"त्या टेबलाला. मी एकटी बसते असं सांगितलं होतं ना?"

भर हॉटेलात मला रडू आलं असतं. मी पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसले. तिथं दोन मुलं लॅपटॉपच्या पिशव्या मांडीवर घेऊन इडली खात होती. मी काही मागवलं नाही. बाहेरचं न खाण्याचं माझं व्रत मला मोडायचं नव्हतं.

वेटर अक्कांपाशी गेला. त्यानं टेबल पुसलं. अक्का त्याच्या फडक्याकडे बघत राहिल्या.

"एन्न वेणुम, पाट्टी?" काय हवं आजी, असं त्यानं विचारलं.

अक्कांनी तमिळमध्ये सांगितलं. रवा दोसा, कांदा भरपूर घालून. सांबारात छोटे कांदे आहेत का? आहेत? मग आण. कॉफी नंतर, साखर जास्त. त्यांचा आवाज असा होता, की त्या रोज तिथं येत असाव्यात.

दोसा आला. अक्कांनी एक तुकडा मोडला, सांबारात बुडवला, त्यातला एक लहानसा अख्खा कांदा बोटांनी उचलून तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी तो चावला नाही. मला वाटलं, आता ओकतील. मी उठलेच होते. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि त्या गर्दीत, आमच्या मराठीत, माझं नाव घेऊन मोठ्यानं ओरडल्या.

"अन्नपूर्णे! कांदा गोड असतो गे!"

सगळं हॉटेल आमच्याकडे वळलं. इडली खाणाऱ्या मुलांनी विचारलं, "पाट्टी काय म्हणाली?" मला सगळ्यांनी सांगितलं होतं की कांदा उग्र असतो, तामसी असतो, माणसाला बिघडवतो. गोड असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

अक्कांनी दोसा अर्ध्याहून थोडा जास्त खाल्ला. मग ताट पुढं सरकवलं. वेटरनं विचारलं, बरा नाही का? त्या म्हणाल्या, बरा आहे, पण मला पुरे. आणि त्या ताटाकडे बघत मागं टेकून बसल्या. खुर्चीच्या पाठीला. घरात त्या कधी टेकून बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "कसा होता स्वर्ग?"

"गर्दी फार," अक्का म्हणाल्या. "आणि सांबारात मीठ कमी. पण तो पुसत होता ना टेबल, किती छान पुसत होता."

मला हलकं वाटलं. झालं एकदाचं. मी मनाशी सगळी व्यवस्था करून ठेवली होती. आमच्या भटजींना मी गुपचूप विचारून आले होते. त्यांनी सांगितलं होतं की परान्नाला प्रायश्चित्त आहे, पंचगव्य घेतलं की अक्का पुन्हा सोवळ्याच्या स्वयंपाकाला मोकळ्या. हरिप्रसादला कळायचंही कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचगव्याची वाटी घेऊन अक्कांपुढं ठेवली आणि त्यांना समजावून सांगितलं.

अक्कांनी वाटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"प्रायश्चित्त कशाचं?"

"बाहेर खाल्लं त्याचं. श्राद्धाला हात लागायला पाहिजे ना तुमचा?"

"मी पाप केलं?"

"तसं नाही हो अक्का. रीत आहे."

"रीत." त्यांनी वाटी उचलून माझ्या हातात परत दिली. "हे घेतलं तर कालचं पाप होईल. मला ते पाप करायचं नाही. श्राद्ध तू कर."

"एकटी?"

"हात आहेत ना तुला?"

मी विनवण्या केल्या. यजमानांचं नाव घेतलं. राघोत्तमाला लहानपणी कडेवर तुम्ही खेळवलंत, त्याच्या श्राद्धाला तुमचा हात नको? अक्कांचे डोळे भरले, पण त्या ऐकल्या नाहीत. "बाहेरचं खाल्लं म्हणून माझ्या हातचं नको म्हणेल, असा राघू नव्हता," एवढंच म्हणाल्या.

हरिप्रसादला सांगावं लागलं. तो आधी माझ्यावर चिडला, मग आत्यावर, मग दोघींशीही बोलेना. काशीची तिकिटं त्यानं रद्द केली. हरिणीला मात्र एवढा आनंद झाला, की तिनं मैत्रिणींना फोन करून सांगितलं. मला तिचाही राग आला.

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मला आशा होती. सोवळ्याची लुगडी आम्ही नेहमी उंच काठीवर, कोणाचा हात पोहोचणार नाही अशी वाळत घालायचो. दोघींची, शेजारी शेजारी. मी माझं घातलं आणि काठीवर अक्कांसाठी अर्धी जागा सोडली. ती तशीच राहिली.

पहाटे आंघोळ करून मी एकटीच स्वयंपाकघरात गेले. अक्का बाहेर, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, हरिणीनं आणून दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी शेगडी पेटवली. उडीद भिजवलेले होते ते उपसले. कारली चिरायला घेतली.

"जाड चिर," बाहेरून अक्का म्हणाल्या.

मी जाड चिरली.

"खिरीला आधी दूध आटव. आधी दूध. तू नेहमी विसरतेस."

मी दूध ठेवलं.

"मिरे किती घेतलेस? दाखव. एवढे नाही गे, राघूला घसा धरायचा. अर्धे काढ."

मी मुठीतले मिरे बघितले. माझ्या नवऱ्याला मिरे आवडायचे. त्यांनी ते मला अनेकदा सांगितलं होतं, खोलीत, हळू आवाजात, कारण अक्कांना कमी मिऱ्यांचंच लागत असे आणि स्वयंपाकघर अक्कांचं होतं. लग्न झाल्यापासून मी स्वयंपाकघरात कधीच एकटी नव्हते. एक भाजी कधी माझ्या मनानं चिरली नव्हती, एक दाणा कधी माझ्या मनानं घातला नव्हता. आणि मी त्यालाच स्वर्ग म्हणत आले होते, त्यात अक्कांना चुलीपाशी बसवून.

"ऐकलंस का? अर्धे काढ."

मी सगळे मिरे खलबत्त्यात टाकले. मग ओल्या हातांनी पुढं गेले आणि स्वयंपाकघराचं दार अक्कांच्या तोंडावर लोटून घेतलं.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. माझा विश्वास बसेना की हे माझ्या हातून झालं आहे, आणि त्याहूनही, की छातीत इतकं मोकळं वाटतं आहे.

"अन्नपूर्णे," दारापलीकडून अक्कांचा आवाज आला. त्यात राग होता की नाही, मला ओळखता आलं नाही. "कडी नीट लाव. ते दार आपोआप उघडतं."

मी कडी लावली, आणि मिरे कुटायला बसले.